कूलरमधली हाडे: विस्कॉन्सिन ते न्यूयॉर्क, दोन हरणांच्या प्रवासाचे प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची ओळख पुसली आहे आणि एकमेकांसारख्या काही प्रसंगांतले तपशील एकत्र गुंफले आहेत. आजार, नियम आणि ठिकाणे मात्र खरी आहेत. राज्यांचे नियम हंगामागणिक बदलतात, त्यामुळे इथला एखादा नियम जसाच्या तसा वापरण्याआधी त्या वर्षीचे पत्रक पाहावे.

पार्श्वभूमी

मध्य न्यूयॉर्कमध्ये राहणारे दोन मित्र नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात शिकारीला गेले. एकाच्या मेहुण्याची तिथे शेती आहे. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. शनिवारी सकाळी पहिल्याला मोठा नर मिळाला आणि रविवारी दुपारी दुसऱ्याला मादी. दोन्ही पांढऱ्या शेपटीची हरणे, दिसायला धडधाकट. परवाने होते आणि दोन्ही जनावरांची नोंदणीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या मुदतीआधी झाली होती. इथवर सगळे चोख होते.

प्रश्न जागेचा होता. हरणांना झिजवून मारणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या पाळीव हरणांत प्रथम लक्षात आला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो पहिल्यांदा सापडला २००२ मध्ये, विस्कॉन्सिनच्या माउंट होरेब परिसरात. मित्र शिकारीला गेले तो भाग तिथून जवळच. आज त्या पट्ट्यातल्या काही भागांत तपासलेल्या प्रौढ नरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बाधित निघतात.

हा आजार जिवाणूचा नाही आणि विषाणूचाही नाही. प्रायॉन नावाचे प्रथिन चुकीच्या घडीत वळते आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच घडी घालते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दीड-दोन वर्षे जातात आणि तोवर हरीण लाळ, मूत्र आणि विष्ठेतून प्रायॉन टाकत राहते. म्हणून ‘दिसायला धडधाकट’ या शब्दांना इथे किंमत नाही. शिजवून, गोठवून किंवा खारवून प्रायॉन जात नाही. मातीत, विशेषतः चिकणमातीला चिकटून, तो वर्षानुवर्षे टिकतो.

नियम नेमका कशासाठी

पुष्कळ शिकाऱ्यांना वाटते की वाहतुकीचे नियम खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी आहेत. मग ते म्हणतात, ‘मी खाणार, माझा मी बघतो.’ गैरसमजाचे मूळ तिथे आहे. नियमाचा रोख ताटावर नाही, उकिरड्यावर आहे. प्रायॉन स्नायूंतही असतो, पण त्याचा मोठा साठा मगज, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, टॉन्सिल आणि लसीका ग्रंथींत असतो. शिकारी मांस खातो. डोके, कणा आणि हाडे मात्र घरामागच्या झाडीत फेकतो. तिथे स्थानिक हरणे येऊन हुंगतात, चाटतात, आणि आठशे मैलांवरचा आजार एका रात्रीत नव्या जंगलात पोचतो. हरणे स्वतः इतकी लांब चालत नाहीत. त्यांना न्यायला गाडीच लागते.

न्यूयॉर्कने हे अनुभवले आहे. २००५ मध्ये तिथल्या ओनायडा परगण्यात पाळीव कळपांतली पाच आणि रानातली दोन हरणे बाधित निघाली. एका कळपाच्या मालकाचा टॅक्सिडर्मीचाही, म्हणजे मेलेल्या जनावरांचे कातडे चढवून पुतळे करण्याचाही, व्यवसाय होता, आणि बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कलेवरांचे अवशेष हे संभाव्य कारणांपैकी एक मानले गेले. राज्याने त्या भागात निर्बंध घातले आणि शेकडो हरणे तपासली. पुढे नवे बाधित हरीण न सापडल्याने २०१० मध्ये निर्बंध उठवले. रानात शिरलेला हा आजार हटवल्याचे असे उदाहरण अमेरिकेत दुसरे नाही. म्हणूनच २०१९ पासून न्यूयॉर्कचा नियम सरसकट आहे: राज्याबाहेर कुठेही मारलेल्या हरणाचे अख्खे कलेवर आत आणता येत नाही, मग त्या राज्यात आजार असो वा नसो. चालते ते एवढेच: बिनहाडाचे मांस, कातडे, मांस-मगज काढून स्वच्छ केलेली कवटीची टोपी व शिंगे, साफ केलेले दात किंवा खालचा जबडा, आणि टॅक्सिडर्मीची तयार वस्तू.

समस्या

रविवारी रात्री उणे सहा अंश थंडीत मेहुण्याच्या गॅरेजमध्ये दोघांनी जनावरे फोडली. चारही पाय हाडासकट वेगळे केले. कण्यालगतच्या मांसाच्या दोन लांब पट्ट्या सुरीने सोलून काढल्या आणि कणा, बरगड्या मागे ठेवल्या. नराचे डोके मात्र अख्खे घेतले, कारण त्याला खांद्यापर्यंतचा पुतळा भिंतीवर हवा होता आणि त्याचा नेहमीचा टॅक्सिडर्मिस्ट न्यूयॉर्कमध्ये होता. मादीचे डोके मेहुण्याच्या खड्ड्यात गेले.

हे त्यांनी बेफिकिरीने केले नव्हते, वाचून केले होते. दुसरा मित्र दरवर्षी पेनसिल्व्हेनियात शिकार करतो आणि त्याच्याजवळ तिथले पत्रक होते. पेनसिल्व्हेनिया बाहेरून येणारे मांस कण्याविना असले तर चालवून घेतो. पायातले हाड तिथे अडचणीचे नाही. न्यूयॉर्कला तेच हाड चालत नाही. आणि कवटीसकट डोके तर दोन्हीकडे निषिद्ध. ‘कणा काढला म्हणजे झाले’ एवढेच पत्रकातून डोक्यात राहिले.

सोमवारी सकाळी निघाले. रस्ता आय-९० चा: इलिनॉय, इंडियाना, ओहायो, मग ईरीजवळ पेनसिल्व्हेनियाचा जेमतेम पाऊण तासाचा तुकडा, आणि न्यूयॉर्क. कायद्याच्या लेखी तो पाऊण तासही मोजला जातो. जिथे शिकार केली, जिथे जायचे आणि मधे ज्या राज्यांतून गाडी जाते, त्या सगळ्यांचे नियम एकाच वेळी लागू असतात. एखाद्या राज्याचा नियम मोडून वन्यप्राणी सीमेपार नेला की लेसी कायद्याखाली तो केंद्रीय गुन्हाही ठरू शकतो. हा कायदा १९०० सालचा आहे, सीडब्ल्यूडीच्या कितीतरी आधीचा.

रॉकफर्डजवळ पेट्रोल भरताना पहिल्याने वेळ ठरवायला टॅक्सिडर्मिस्टला फोन केला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, “कवटी आहे का आत?” हो म्हटल्यावर त्याने सांगितले की ते डोके तो दुकानात घेणार नाही, कातडे आणा, साफ केलेली शिंगे आणा, बाकी काही नको. सगळ्या प्रवासात नियम नीट माहीत असलेला तो एकटाच माणूस होता.

तोललेले पर्याय

पेट्रोलपंपाच्या पार्किंगमध्ये अर्धा तास चर्चा झाली.

तसेच पुढे जावे, हा पर्याय सर्वात आधी आला आणि सर्वात आधी बादही झाला. पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा वेगळे कारण होते: घरी पोचल्यावर डोके आणि हाडे टाकायची कुठे, याला उत्तर नव्हते.

वाटेत कुठेतरी हाडे काढून विश्रांतिस्थळाच्या कचराकुंडीत टाकावी, हे दुसऱ्याने सुचवले. ऐकायला सोयीचे, पण हा सर्वात वाईट पर्याय होता. बाधित भागातली हाडे अशा राज्यात पडली असती जिथे ती कुठल्या उकिरड्यावर जातील याचा पत्ता नाही. कोल्हे-कावळे कुंडी उपसतात. शिवाय उघड्यावर, पाण्याविना, बर्फाळ हातांनी हाडे सोलताना मांस खराब होते ते वेगळेच.

इलिनॉयमध्येच परवानाधारक खाटीक गाठावा, हा तिसरा पर्याय. कागदावर तो बरा होता. पण हंगामाच्या पहिल्या सोमवारी कुठल्याही खाटकाकडे हरणांची रांग असते. त्यात परराज्यातून आलेले कलेवर घेताना इलिनॉयच्या स्वतःच्या अटी वेगळ्या. दोन ठिकाणी फोन केले. एकाने उचलला नाही, दुसऱ्याने गुरुवार सांगितला.

उरला मागे फिरण्याचा पर्याय. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास आणि एक रात्र. विस्कॉन्सिनमध्ये डोके तपासणीला देण्याच्या पेट्या आणि हाडांसाठी ठेवलेले डंपस्टर, म्हणजे मोठ्या कचरापेट्या, दोन्ही होते. ते मागे फिरले. या प्रकरणातला सर्वात योग्य निर्णय हाच होता. नंतरच्या चुका पाहताना तो विसरू नये.

पाचवा पर्याय कोणालाच सुचला नाही: नराचे काम विस्कॉन्सिनमधल्याच टॅक्सिडर्मिस्टला द्यायचे आणि तयार पुतळा काही महिन्यांनी कुरिअरने मागवायचा. तयार वस्तूला कुठलेच राज्य हरकत घेत नाही. सोमवारची अर्धी अडचण त्याने मुळातच उरली नसती.

केलेली कृती

गॅरेजमध्ये परतल्यावर कामाचा क्रम असा होता.

आधी मांस. पायाच्या हाडावरून सुरी हाडाला घासत फिरवत एकेक स्नायू त्याच्या नैसर्गिक पडद्यावरून सोडवला. मागच्या मांडीत, गुडघ्याच्या मागच्या बाजूस, दोन स्नायूंच्या मधल्या चरबीत द्राक्षाएवढी करडी-तपकिरी गाठ असते. खांद्याच्या फऱ्यापुढेही तशीच एक. या लसीका ग्रंथी. त्या चरबीसकट काढून हाडांबरोबर टाकल्या. पुष्कळजण त्यांना चरबीचा गोळा समजून खिम्यात घालतात. नराचे सुमारे २८ किलो आणि मादीचे १९ किलो बिनहाडाचे मांस निघाले. ते पिशव्यांत भरून बर्फावर ठेवले आणि कूलरची निचऱ्याची बूच उघडी सोडली. मांस चार अंशांखाली हवे, पण वितळलेल्या पाण्यात पोहायला नको.

मग कातडे. खांद्यापर्यंतच्या पुतळ्याला कातडे खांद्याच्याही मागून कापावे लागते आणि गळ्यावर चीर चालत नाही. सुदैवाने रविवारी ते आधीच सैल सोलून डोक्यावर गुंडाळलेले होते. कान, डोळे आणि ओठांपाशी सावकाश सोडवत ते डोक्यावरून काढले.

डोके सर्वात शेवटी, आणि वेगळ्या करवतीने. डोळ्यांच्या खोबणीतून शिंगांच्या मागपर्यंत आडवा छेद घेऊन शिंगांसकट कवटीची टोपी काढली. तिच्या आतल्या बाजूला चिकटलेला मगज खरवडून, ब्रशने घासून पूर्ण काढला. टोपीला मगजाचा अंश राहिला तर ती ‘स्वच्छ’ धरली जात नाही. खरवडलेला अंश आणि पुसलेले कागद हाडांच्याच पिशवीत गेले, मोरीत नाही.

उरलेले डोके तपासणीच्या पेटीत. तिथे मानेचा किमान पाच इंच भाग डोक्याला जोडलेला मागतात, कारण तपासणीला लागणाऱ्या लसीका ग्रंथी घशाच्या मागे असतात आणि डोके जबड्यालगत तोडले तर त्या धडाबरोबर जातात. यांनी डोके आखूडच तोडले होते. ग्रंथी वाचल्या ते नशीब. अर्जावर नोंदणी क्रमांक, शिकारीचे ठिकाण, फोन नंबर लिहिला. तपासणी विनामूल्य होते. निकालाला साधारण दोन आठवडे लागतात.

हाडे डंपस्टरमध्ये टाकून मंगळवारी सकाळी ते पुन्हा निघाले. परवाने आणि नोंदणीचे क्रमांक हाताशी ठेवले. बिनहाडाचे मांस पाहून ते कुठल्या जनावराचे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून कागदच पुरावा.

घरी पोचल्यावर

सीमा कायदेशीर ओलांडली आणि दोघे निर्धास्त झाले. चूक इथून सुरू झाली.

शनिवारी एका गॅरेजमध्ये एकाच यंत्रावर दोन्ही जनावरांचा खिमा केला. नराचा आणि मादीचा मिळून १८ किलो खिमा एका पातेल्यात मिसळून सॉसेज भरले. उरलेल्या तुकड्यांच्या पाकिटांवर फक्त महिना लिहिला, जनावर नाही. आणि दोन किलोचे एक पाकीट पहिल्याने कार्यालयातल्या सहकाऱ्याला दिले, एका मूळच्या पुण्याच्या कुटुंबाला.

इथे आपल्या लोकांसाठी थोडे विषयांतर. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी, त्यामुळे अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला हरणाचे मांस पहिल्यांदा भेटते ते असे, शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या पाकिटात. आपण ते मटणासारखे वाटण लावून कुकरला लावतो आणि शिट्ट्यांवर भरवसा ठेवतो. घरच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. प्रायॉनला ते पुरत नाही. पाकीट घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: हरीण कुठल्या राज्यात, कुठल्या परगण्यात मारले, आणि तपासणीचा निकाल आला का. देणाऱ्याला यात अपमान वाटत नाही. जाणता शिकारी स्वतःहून सांगतो.

तेराव्या दिवशी विस्कॉन्सिनहून फोन आला. नर बाधित होता.

परिणाम

४७ किलो मांसापैकी ४५ किलो घरी होते, त्यात सॉसेज, खिमा आणि तुकडे सगळे आले. कुठले पाकीट नराचे हे सांगता येत नसल्याने सगळेच टाकावे लागले. मादीचे डोके तर खड्ड्यात गेले होते, म्हणून तिच्याबद्दल काही कळण्याची वाटही बंद. मांस दुहेरी पिशव्यांत बांधून घरच्या कचऱ्यातून शहराच्या कचरा-भरावाकडे गेले. झाडीत, खतात किंवा कुत्र्याच्या ताटात नाही. राज्याच्या पर्यावरण खात्यालाही त्यांनी स्वतःहून कळवले.

सहकाऱ्याला त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांचे एक किलो शिजवून झाले होते. त्यांना जे सांगितले ते इतकेच आणि असेच: माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही. तरीही अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र बाधित हरणाचे मांस न खाण्याचा सल्ला देते. खाऊन झालेल्या माणसाला करायची कुठलीही तपासणी किंवा औषध नाही. याच ओनायडा परगण्यात मार्च २००५ मध्ये एका सामूहिक जेवणात बाधित हरणाचे मांस वाढले गेले होते, कारण निकाल जेवणानंतर आला. त्यातल्या ८१ जणांचा संशोधकांनी सहा वर्षे मागोवा घेतला आणि त्यांच्या तब्येतीत सीडब्ल्यूडीशी जोडता येईल असे काही आढळले नाही. त्यातून धीर मिळतो, हमी नाही. प्रायॉनच्या आजारांना सहा वर्षे थोडी असतात.

सुऱ्यांचे काय? आधी सगळा चिकट अंश घासून काढायचा, मग घरगुती ब्लीचचे दोन भाग आणि पाण्याचे तीन भाग, म्हणजे ४० टक्क्यांचे द्रावण करून त्यात पाच मिनिटे बुडवायच्या. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मोंटानातल्या प्रयोगशाळेने स्टेनलेस स्टीलवर हे परिणामकारक असल्याचे दाखवले. मांसाच्या कणाच्या आत मात्र ब्लीच शिरत नाही, म्हणून घासणे आधी. लाकडी मुठीच्या दोन सुऱ्या आणि पाट टाकून दिले. खिम्याचे यंत्र ॲल्युमिनियमचे होते. ब्लीचने ते खाल्ले जाते आणि जाळीच्या भोकांतला अंश सुटत नाही. तेही गेले.

वेगळे काय करता आले असते

निर्णयाचा खरा क्षण रॉकफर्डचा नव्हता, रविवारी रात्रीचा होता. पत्रक उघडले ते योग्यच, पण ते चुकीच्या राज्याचे. शिकारीचे राज्य आणि वाटेतली राज्ये यांच्यापेक्षा आधी पाहायचे ते घरचे राज्य, कारण बहुतेक वेळा सर्वात कडक नियम मांस जिथे उतरणार तिथला असतो. ते समजले असते तर हाडे त्याच गॅरेजमध्ये, त्याच रात्री निघाली असती. दोन माणसांना एका जनावरामागे दोन तास, एवढाच काय तो खर्च.

दुसरी गोष्ट तपासणीची. नराचे डोके पेटीत गेले ते टॅक्सिडर्मिस्टने नाकारले म्हणून. त्याने घेतले असते तर कदाचित तपासणीच झाली नसती. मादीची तर झालीच नाही, ‘तरुण आहे, तब्येत चांगली’ म्हणून. अशा पट्ट्यात प्रत्येक प्रौढ जनावराचे डोके तपासणीला द्यायचे, पाच इंच मानेसकट. आणि ‘आढळला नाही’ या निकालाचा अर्थही तेवढाच घ्यायचा: कोवळ्या लागणीत ग्रंथींत अजून काही सापडत नाही.

तिसरी गोष्ट यंत्राची. निकाल येईपर्यंत मांस मोठ्या तुकड्यांत गोठवायचे, प्रत्येक पाकिटावर नोंदणी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायचे, आणि खिमा, सॉसेज, भेट यांतले काहीही आधी करायचे नाही. एवढे केले असते तर २८ किलोच गेले असते आणि मादीच्या १९ किलोंचा निर्णय तिच्या स्वतःच्या निकालावर झाला असता. खाटकाकडे देतानाही हेच विचारावे: माझे जनावर वेगळे कापाल, की सगळ्यांच्या खिम्यात मिसळाल?

पुढच्या वर्षी दोघे त्याच शेतावर गेले. मिळाली एकच मादी. डोके रविवारीच पेटीत गेले, हाडे डंपस्टरमध्ये, आणि कूलरमध्ये क्रमांक लिहिलेली अकरा पाकिटे. निकाल बाराव्या दिवशी आला, आढळला नाही. नवे खिम्याचे यंत्र त्यांनी त्यानंतरच्या शनिवारी खोक्यातून काढले.